दिव्यांग मुलांच्या पालकांना ठरवायला बोलवा: पहिल्या यादीपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

गावात दिव्यांग मुलांसाठी काही करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी क्रम सारखाच असतो. आधी वस्तू ठरते, मग निधी, मग ३ डिसेंबरचा म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम, आणि शेवटी पालकांना टाळ्या वाजवायला बोलावणं. व्हीलचेअर येते, पण घराला तीन पायऱ्या आणि बोळ अडीच फुटांचा. खुर्ची अंगणात गंजते आणि ‘यांना दिलं तरी वापरत नाहीत’ असा शेरा कायमचा बसतो.

हा लेख सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, विशेष शिक्षक आणि संस्थांच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी आहे. पालक मिळून काही सुरू करत असतील तर त्यांनाही चालेल. मांडणी महाराष्ट्रातल्या एका ग्रामपंचायतीची किंवा शेजारच्या दोन-तीन गावांची आहे. नगरपालिकेत कार्यालयांची नावं बदलतील, काम तेच राहील.

१. विचारण्याआधी आपल्या हातात काय आहे ते बघा

‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारून नंतर ‘ते आमच्याकडे येत नाही’ म्हणणं यापेक्षा न विचारलेलं बरं. एका कागदावर तीन रकाने आखा.

गावात ठरू शकतं: ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी कशावर खर्च करायचा, शाळेचा आणि अंगणवाडीचा रॅम्प, संडासाचा दरवाजा, पाण्याच्या नळाची उंची, रस्त्याचा कुठला तुकडा आधी करायचा.

तालुक्याला ठरतं: फिरता विशेष शिक्षक आठवड्यातून कुठल्या वारी येणार, घरी शिकवायची मुलं कोणती, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून मिळणारा प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींचा दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता. इथे गटसाधन केंद्र आणि गटशिक्षणाधिकारी यांना गाठायचं.

जिल्ह्याला ठरतं: सर्टिफिकेटच्या तपासणीचे वार, जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं), साहित्यवाटपाची शिबिरं. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असणारी स्थानिक समितीही इथलीच. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी हिच्याकडे अर्ज करायचा असतो. आईवडील हयात आहेत म्हणजे ते आपोआप पालक राहतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं.

५ टक्क्यांचा आकडा ग्रामसेवकाकडून आधीच काढून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं वगैरे मिळून ८ लाख जमत असतील तर ४०,००० रुपये. मागच्या तीन वर्षांत किती खर्च झाला आणि कशावर, हेही विचारा. तोंडी मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, १० रुपये शुल्क आणि ३० दिवस. पण पहिल्याच महिन्यात अर्ज टाकून ग्रामसेवकाला समोर उभं करू नका. ठराव त्याच्याच हातून लिहून घ्यायचा आहे.

२. यादी करा, आणि एकाच यादीवर विसंबू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. ‘आमच्या गावात तशी चारच मुलं आहेत’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. ही चार म्हणजे सर्टिफिकेट असलेली चार. यादी पाच ठिकाणांहून जमवावी लागते:

– ग्रामपंचायतीची दिव्यांग नोंदवही. यात बहुतेक मोठी माणसं सापडतील, कारण पगार त्यांचा चालू असतो. गावात संजय गांधी योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात.
– शाळेची यूडायसची, म्हणजे शाळांनी दरवर्षी सरकारला भरून द्यायची माहिती. यात पटावरची मुलं येतात, शाळेत कधीच न गेलेली येत नाहीत.
– अंगणवाडीसेविकेचं रजिस्टर, शून्य ते सहा वर्षांसाठी.
– राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची नोंद. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. कुणाला पुढे पाठवलं होतं आणि त्यातलं कोण पोचलंच नाही, ते इथे कळतं.
– आशाताई. कागदावर नसलेलं मूल त्यांना माहीत असतं.

पाचही याद्या समोर ठेवून नावं जुळवा. एकाच यादीत असलेल्या नावांकडे खास लक्ष द्या, कारण सेवांमधून गळलेली मुलं तीच असतात.

आशाताईंना ‘अपंग मुलं कोणती?’ असं विचारू नका. उत्तरात पायाने अधू मुलंच येतील. असं विचारा: दोन वर्षांचं होऊनही बसत नाही असं कुणी आहे का? हाक मारली तर वळून न बघणारं? शाळेतून काढून घेतलेलं? झटके येणारं? पाहुणे आले की आत ठेवलं जाणारं? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया त्यातच येतात. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची मुलं या यादीत धरलीच जात नाहीत, कारण ती ‘चालतात-बोलतात’.

सर्टिफिकेट नसलेल्यांनाही बोलवा. ‘किती टक्के?’ हा प्रश्न योजनेच्या खिडकीवर ठीक आहे, बैठकीच्या दारात नको. ४० टक्क्यांच्या खालचं मूलही वर्गात मागेच पडत असतं.

एक काटेकोर नियम: ही यादी व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, फलकावर लावायची नाही. मुलाचं नाव, निदान, फोटो असं काहीही गावाच्या ग्रुपवर गेलं की ते घर पुन्हा दार उघडत नाही. त्यातून मुलगी असेल तर लग्नाच्या बाजारात तिच्या बहिणींचंही काय होतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. वही एकीच्याच ताब्यात ठेवा.

३. निमंत्रण घरी जाऊन द्या

नोटीस आणि दवंडी ग्रामसभेसाठी ठीक. इथे दोघांनी घरी जायचं, त्यातली एक बाई हवी, आणि शक्यतो एक जण स्वतः अशा मुलाची आई किंवा बाप. वीस मिनिटं बसायचं. फॉर्म पिशवीतच ठेवा. फॉर्म दिसला की घरच्यांना वाटतं काहीतरी मिळणार आहे, आणि पुढचं सगळं बोलणं त्याच वाटेने जातं.

निमंत्रणाचं बोलणं साधारण असं असावं:

‘ताई, ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांसाठी यंदा चाळीस हजार आहेत. ते कशावर लावायचे हे अजून ठरलेलं नाही. तुमच्यासारखी बारा-पंधरा घरं आहेत, सगळ्यांना एकत्र विचारायचंय. त्या दिवशी वाटप काही नाही, आणि फोटोही काढणार नाही. पोरीला घेऊन या, तिला सांभाळायला माणूस ठेवलाय. येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज तिथेच देऊ.’

‘वाटप नाही’ हे आधीच सांगितल्यामुळे काही जण येणार नाहीत. चालेल. न सांगता बोलावलं तर पुढच्या वेळी कुणीच येणार नाही.

घरात मुलाचं करतं कोण ते विचारून त्याच माणसाला बोलवा. बाप येतो, पुढे बसतो, बोलतो. भरवणारी, उचलणारी, रात्री जागणारी दुसरीच असते. बीड-अहिल्यानगर भागात ऊसतोडीला गेलेल्या घरांत दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मूल आजीकडे असू शकतं. तिथे आजीलाच निमंत्रण. मोठ्या बहिणीही विसरू नका. धाकट्याला सांभाळायला शाळा सुटलेली बहीण ही या विषयातलीच बाब आहे, पण ती कुठल्या अहवालात येत नाही.

पालक स्वतः मूकबधिर असतील तर दुभाषा लागेल. जिल्ह्यातल्या कर्णबधिर विद्यालयाच्या शिक्षकांना विचारा, आणि त्यांना महिनाभर आधी कळवा.

४. वार, वेळ, जागा

आठवडी बाजाराचा दिवस टाळा. लावणी, कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी चालू असेल तर बैठकच पुढे ढकला. सकाळी ११ ते १ ही वेळ बहुतेक ठिकाणी जमते, पण आधी तीन घरी विचारून घ्या. बैठक दोन तासांच्या वर नको. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला त्यापेक्षा जास्त वेळ अनोळखी जागी ठेवलं तर आईचं लक्ष तुमच्या प्रश्नांवर राहत नाही.

जागा निवडताना स्वतः चाकाची खुर्ची ढकलत आत जाऊन बघा. रॅम्पला एक फूट चढासाठी बारा फूट लांबी लागते. शाळांमधले बरेच रॅम्प चार-पाच फुटांत संपवलेले असतात. त्यावर खुर्ची चढत नाही, उतरताना पोर पुढे पडतं. असा रॅम्प असेल तर सरळ समाजमंदिर किंवा मोठी ओसरी बघा. संडासाची किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घ्या. ही किल्ली त्या दिवशी हमखास सापडत नाही.

सोबत ठेवायचं सामान:

– दोन सतरंज्या आणि दोन गाद्या, झोपून राहणाऱ्या मुलांसाठी. वर एक चादर आडोशाला
– मुलं सांभाळायला चार माणसं, १५ घरांमागे. दोन अंगणवाडीच्या ताई असतील तर उत्तम
– लगतची एक शांत खोली. स्वमग्न मुलांना माइकचा आवाज सहन होत नाही; खरं तर माइक नकोच
– मऊ खाणं: उपमा, केळी, शिरा. फरसाण, शेंगदाणे नकोत, गिळायला त्रास असलेल्या मुलांना ठसका लागतो
– चिंचोके, रंगीत खडू, मोठे कागद, चित्रांची कार्डं
– जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, झटका आला तर

खर्चाचा अंदाज १५ घरांसाठी: बुडालेला रोज ३०० प्रमाणे ४,५००, भाडं १०० प्रमाणे १,५००, सांभाळणाऱ्या चौघांचं मानधन १,६००, खाणं चाळीस माणसांना ४० प्रमाणे १,६००. एकूण ९,२००. रोजाचा आकडा तुमच्या गावच्या दराने बदला. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी गावाबाहेरची वाडी असेल तर वडाप, म्हणजे खासगी जीपच धरा. पैसे त्याच दिवशी हातात द्या. ‘खात्यावर टाकू’ म्हटलं की त्याचे अर्थ लोकांना माहीत आहेत.

५. बैठकीत विचारायचं कसं

व्यासपीठ, हार, स्वागतगीत, सत्कार यातलं काहीही नको. गोल बसा. अधिकारी आणि पदाधिकारी दोनपेक्षा जास्त नकोत. त्यांना आधीच सांगून ठेवा की पहिला दीड तास फक्त ऐकायचं, शेवटी दहा मिनिटं बोलायचं. हे अवघड जातं. सरपंचांना मध्येच ‘यासाठी अमुक योजना आहे’ म्हणायचा मोह होतो आणि बैठक तिथेच तक्रार-निवारण होऊन बसते. तेवढ्यासाठी एक माणूस बाहेर टेबल टाकून बसवा: सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय आरोग्य विमा (वर उल्लेख केलेल्या चार प्रकारांसाठी एक लाखापर्यंतचं संरक्षण) यांचे प्रश्न त्याच्याकडे. या टेबलाशिवाय बैठक घेऊ नका.

‘काय हवंय?’ हा प्रश्न पहिल्या तासात विचारू नका. त्याला ‘पगार वाढवा’ आणि ‘घरकुल द्या’ ही दोनच उत्तरं येतात. दोन्ही खरीच असतात, पण गावाच्या हातात त्यातलं काही नसतं. त्याऐवजी दिवसाचा तक्ता करा. मोठ्या कागदावर पहाटे ५ ते रात्री १० अशी रेघ ओढा आणि विचारा: सकाळी कोण उचलतं? अंघोळीला किती वेळ? शाळेत कोण सोडतं, आणि तो माणूस नसला तर? दुपारी तुम्ही रानात असता तेव्हा लेकरू कुणाकडे? मग महिन्याचा तक्ता: जिल्ह्याला किती फेऱ्या, किती भाडं, किती रोज बुडाले, काम झालं का.

या तक्त्यातून जे निघतं ते मागणीतून निघत नाही. शाळेत रॅम्प आहे, पण मदतीला कुणी नाही म्हणून संडासाला न्यायला आई मधल्या सुट्टीत शाळेत येते, आणि म्हणून तिला पूर्ण रोज मिळत नाही. इथे मागणी रॅम्पची नाही, मदतनिसाची आहे. फिरता शिक्षक येतो तो वार आईच्या मजुरीचा असतो. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) मिळाला, पण मूल वाढलं आणि तो वर्षभरात लहान झाला. दुरुस्ती कुठे होते ते कुणालाच माहीत नाही.

सगळ्यांना एका गटात बसवू नका. कर्णबधिर, बौद्धिक, शारीरिक अशा मुलांच्या पालकांचे प्रश्न वेगळे असतात आणि ज्यांचं मूल बोलतं-चालतं ते जास्त बोलतात. चार-पाच जणींचे गट करा. प्रत्येक गटात लिहिणारी एक, तीही शक्यतो दुसऱ्या गावची. गावातलीच असेल तर सासूबद्दल कुणी बोलणार नाही.

मुलांनाही विचारा. शाळा, घर, डॉक्टर, रस्ता, खेळ अशी चित्रांची कार्डं ठेवा: कुठलं आवडतं, कुठलं नाही. न बोलणारं मूल नजरेने किंवा हाताने दाखवतं. घाई केली नाही तर.

शेवटच्या अर्ध्या तासात निवड. निघालेले मुद्दे कागदांवर चित्रासह काढा, प्रत्येकीला पाच चिंचोके द्या, हवं तिथे हवे तितके टाका म्हणा. हात वर करायला लावलं तर पुढारी पालकाकडे बघून हात वर होतात. चिंचोके सगळ्यांसमोर मोजा. एक अडचण लक्षात ठेवा: मोजणीत बहुसंख्यांचं जिंकतं. गावात अंध मूल एकच असेल तर त्याचा मुद्दा कधीच वर येणार नाही. म्हणून पहिले तीन मुद्दे मोजणीने आणि एक मुद्दा ‘कमी घरांचा, पण अडलेला’ म्हणून वेगळा घ्या.

६. मागणीचा ठराव करा

‘दिव्यांग मुलांना सुविधा देण्यात याव्यात’ हा ठराव नाही, ती सदिच्छा आहे. ठरावात कोण, काय, कधीपासून, कुठल्या पैशातून हे चारही हवं. उदाहरणार्थ: ‘दिव्यांग राखीव निधीतून महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला गावात बोलवावं, प्रत्येक फेरीस २,५०० रुपये, वर्षाच्या बारा फेऱ्या, एकूण ३०,००० रुपये, जागा अंगणवाडी क्र. २; वार पालकगट ठरवेल.’ चाळीस हजारांतले उरलेले दहा हजार साहित्याच्या दुरुस्तीला. शेजारच्या ग्रामपंचायतीनेही तसाच ठराव करून त्याच दिवसाची दुसरी पाळी घेतली, तर थेरपिस्टचा प्रवासखर्च वाटला जातो.

हा निधी डोईमागे समान वाटून टाकायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. कुणी दुखावत नाही, हिशेब सोपा. पण प्रत्येकाच्या हाती हजार-दोन हजार येऊन जातात आणि गावात सेवा एकही उभी राहत नाही. शिवाय सर्टिफिकेट नसलेलं मूल यातून बाहेरच. मोठ्या दिव्यांगांचाही या पैशावर तितकाच हक्क आहे, म्हणून ठरावाआधी त्यांच्याशी बोला. नाहीतर ग्रामसभेत दोघांत भांडण लागेल आणि निधी पुन्हा समान वाटला जाईल.

विषय ग्रामपंचायतीकडे लेखी द्या, सभेच्या किमान दहा दिवस आधी, आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलला गेला तर तोवर लोक उठलेले असतात. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथे आयांनी हा विषय मांडला तर मुख्य सभेत वजन पडतं. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं. म्हणून पालकांची बैठक ऑगस्ट-सप्टेंबरात झालेली बरी. जानेवारीत घेतलेल्या बैठकीतून वर्षभर काही हलत नाही.

शाळेसाठी वेगळं दार आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा द्यायच्या असतात. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं या वंचित गटात आली. समिती नव्याने होताना हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

ठरावासोबत जोडायचे कागद: बैठकीची तारीख आणि उपस्थितांची संख्या (नावं नकोत), चिंचोक्यांची मोजणी, खर्चाचं दरपत्रक, विशेष शिक्षक किंवा आरोग्य केंद्राचं एक पानी मत. मुलांची सर्टिफिकेटं जोडू नका. वैयक्तिक लाभाच्या अर्जाला ती लागतात, सामूहिक सेवेच्या ठरावाला नाही.

७. तीस दिवसांत उत्तर

बैठकीतच तारीख सांगा आणि त्या दिवशी पुन्हा भेटा, अर्धा तास पुरतो. प्रत्येक मुद्द्यासमोर तीनपैकी एक: झालं, वर पाठवलं (कुणाकडे, जावक क्रमांक काय), होणार नाही (का). ‘होणार नाही’ हे उत्तर पालक पचवतात, कारण त्यांनी ते हजारदा ऐकलेलं असतं. गप्प बसलेलं मात्र विसरत नाहीत. एखादी छोटी गोष्ट या तीस दिवसांत करूनच दाखवा. संडासाच्या भिंतीला धरायला पाइप, शाळेच्या दाराचा उंबरा काढणं, फिरत्या शिक्षकाचा वार बदलणं.

८. पालकगट

पाच ते सात जण, त्यात निम्म्याहून जास्त आया, आणि किमान एक अशा घरातली जिथे मूल अंथरुणावर आहे. ती प्रत्येक बैठकीला येऊ शकणार नाही, म्हणून तीन महिन्यांतून एक बैठक तिच्याच घरी. सभासद वर्षाने बदला. नाहीतर एकच हुशार, बोलका पालक तालुक्याचा ‘दिव्यांग प्रतिनिधी’ होतो, सगळ्या फोटोंत दिसतो, आणि बाकीची घरं पुन्हा आपापल्या दाराआड जातात. निवडणुकीच्या तोंडावर गटाला पॅनेलमध्ये ओढायचा प्रयत्न होणारच. गटाची बैठक कुणाच्या कार्यालयात घ्यायची नाही, एवढा एक नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा.

गटाच्या वहीत पाचच रकाने पुरतात: तारीख, मुद्दा, कुणाला सांगितलं, पोच क्रमांक, काय झालं. फिजिओ ठरल्या दिवशी आला नाही तर त्याच संध्याकाळी नोंद, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाला फोन. दोन फेऱ्या चुकल्या तर पुढचं बिल अडवायचं, हे मूळ ठरावातच घालून घ्या.